ऐंशी दिवसांचं दुपटं

ज्यांच्या घरी कुणाला थायरॉइडच्या कॅन्सरसाठी आयोडीनचं ते औषध मिळणार असेल, त्यांनी माझ्या बाकीच्या कहाणीआधी माझी चूक वाचावी. मी दोरा तोंडात घातला. एवढंच केलं. तीस वर्षं शिवणकाम करते, दिवसातून शंभर वेळा घालत असेन. पण त्या आठवड्यात घालायला नको होता.

माझं नाव जुबेदा. ब्रह्मपुरीत बायकांचे ब्लाऊज आणि कुर्ते शिवते. माझा नवरा रहीम आठवडी बाजारांत बांगड्यांचं दुकान लावतो. आम्हाला एकच मुलगी, शाहीन, चिमूरला दिलेली. हे सगळं तिच्याबद्दलच आहे, आजार माझा असला तरी.

गळपट्टी

गेल्या वर्षी मी स्वतःसाठी एक बंद गळ्याचा कुर्ता शिवला आणि त्याचं बटण लागेना. मला वाटलं माप चुकलं. गळपट्टी उसवली, पाव इंच वाढवून पुन्हा शिवली. दोन महिन्यांनी पुन्हा लागेना, तर पुन्हा उसवली. गावभरच्या बायकांचे गळे मी बोटांनी मोजते, पण आपल्या गळ्यावरून एकदा हात फिरवावा एवढी अक्कल मला आली नाही. शेवटी एका गिऱ्हाईक बाईनंच हटकलं की बाई, तुमचा गळा एका बाजूनं भरलाय.

नागपूरला तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले कॅन्सर आहे, पण त्यातल्या त्यात बरा कॅन्सर आहे. "बरा" हा शब्द ऐकून मला इतका राग आला की पुढचं काही ऐकूच आलं नाही. रहीमनं सगळं ऐकलं. परतीच्या एसटीतून नागभीडला खाली उतरला, एकच चहा घेऊन आला, तो हातात धरून बसला आणि थंड झाल्यावर खिडकीबाहेर ओतून दिला.

गळ्याचं ऑपरेशन करायचं, मग काही आठवड्यांनी एक औषध गिळायचं, असं ठरलं. औषध किरणांचं. ते गळ्यात उरलेलं शोधून जाळतं म्हणे. आणि काही दिवस आपल्या अंगातूनही किरण बाहेर पडत राहतात.

शाहीन तेव्हा गरोदर होती. त्याआधी दोनदा तिचं पोट खाली झालं होतं. तिच्या डॉक्टरांनी पडून राहा, डोक्याला ताप घेऊ नको, असं बजावलं होतं. म्हणून मी तिला फोनवर सांगितलं की गळ्यात साधी गाठ आहे, काढून टाकतील. रहीमला ते पटलं नाही. लेकीपासून लपवून राह्यली हे बरं नाई, म्हणाला. मी त्याला सुनावलं की तू आपल्या बांगड्या सांभाळ. आता वाटतं, त्या दिवशी त्याचं ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

जाड दाराची खोली

औषधाआधी काही आठवडे थायरॉइडच्या गोळ्या बंद करतात. ते दिवस औषधापेक्षा वाईट. भर उन्हात थंडी वाजायची. पाय उचलत नव्हते. आवाज घोगरा झाला आणि कशावरूनही रडू यायचं. भाजीत मीठ नाही म्हणून, मग मीठ घरात का येत नाही ते आठवून. साधं मीठसुद्धा बंद होतं, कारण त्यात आयोडीन.

नागपूरच्या दवाखान्यात ज्या खोलीत ठेवलं तिचं दार शिशाचं होतं. एक माणूस जडशीळ डबी घेऊन आला, त्यातून कुपी काढून दिली, मी गोळी गिळली तसा तो मागे सरला. मला त्या क्षणी कळलं की आता मागे सरण्यासारखी वस्तू मी आहे. जेवण दाराशी ठेवून जायचे. पाणी भरपूर प्या, लिंबाच्या गोळ्या चघळत राहा, लाळ वाहती ठेवा, असं सांगितलेलं होतं.

शेजारच्या खोलीत जानोबाई होती, गडचिरोलीच्या धानोऱ्याकडची, जंगलातल्या गावची गोंड बाई. न्हाणीच्या भिंतीला वर एक झरोका होता, त्यातून आम्ही बोलायचो. तोंड मात्र शेवटपर्यंत पाहिलं नाही. रोज सकाळी मीटर घेऊन एक सर यायचे, दारात उभे राहून मोजायचे. आम्ही त्यांना मीटरवाले सर म्हणायचो. जानोबाईनंच पहिल्यांदा त्यांना विचारलं की हे औषध अंगात किती दिवस राहते.

सर म्हणाले, दर आठ दिवसांनी अर्धं होतं. लघवी, घाम, लाळ यांतून शरीर त्याहून लवकर बाहेर टाकतं. पण जे कशावर सांडेल, लागेल, ते तिथंच बसून आठ-आठ दिवसांनी अर्धं होत राहतं. ऐंशी दिवस गेले की मीटरला सापडेल असं काही उरत नाही. मी ते कापडात समजून घेतलं. कापड अर्धं दुमडा, पुन्हा अर्धं, पुन्हा अर्धं. दहाव्या घडीला चिंधीएवढं होतं. होतं लहान, पण असतं. ते मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

जानोबाईला दुसरीच काळजी. तिच्या घरी दोन वर्षांची नात. ती झरोक्यातून म्हणाली, "आमच्या गावी कुर्माघर हाये, पाळीतल्या बायांचं. आता रिकामंच असते. मी तिथंच राहीन. जन्मभर महिन्याचे पाच दिवस राह्यलीच ना बाहेर. पण नात दाराशी येऊन रडन, तं काय करू?"

मी म्हटलं, दार लावून घेजा. किती सोपं होतं सांगायला.

मागची खोली

तिसऱ्या दिवशी सोडलं. हातात एक कागद दिला. तीन आठवडे गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यापासून दूर राहा. ताट वेगळं, संडास वेगळा, कपडे वेगळे धुवा. उष्टं कुणाला देऊ नका. कुठेही थुंकू नका. मी तो कागद इतक्यांदा वाचला की घड्यांवर फाटला. दोऱ्याबद्दल त्यात काही नव्हतं. आणि दोरा ओला करणं म्हणजे थुंकणं, असं कुठल्या शिवणाऱ्या बाईला वाटेल?

घराच्या मागची खोली मला दिली. रहीम ताट उंबऱ्यावर ठेवून आठ पावलं मागे जाऊन बसायचा आणि तिथून बाजारातल्या गोष्टी सांगायचा. एरवी दोन वाक्यांत आटपणारा माणूस, पण त्या दिवसांत कुणी कुठल्या रंगाच्या बांगड्या घेतल्या हेसुद्धा सांगायचा. त्याचे उपकार मी मेले तरी फिटायचे नाहीत, हे त्याला अजून बोलले नाही.

दिवस जाता जाईना. रिकाम्या हातांनी बसायची मला सवय नाही. पेटीत माझी एक जुनी सुती साडी होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. आमच्यात बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावत नाहीत, घरातल्या मोठ्या बाईचं वापरलेलं जुनं लावतात. तिचं आयुष्य त्याला लागावं म्हणून. मी ती साडी फाडली, चार घड्या केल्या आणि शाहीनच्या बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं. तोंडात लिंबाची गोळी, लाळ वाहती. दोरा ओठांत धरायचा, टोक ओलं करायचं, सुईत ओवायचं, कोपऱ्यावर गाठ मारायची, दाताने तोडायचं. दुपारी ते अंगणातल्या दोरीवर उन्हात टाकायची. त्या दिवसांतलं तेवढंच काम मला चांगलं वाटत होतं.

शाहीन आली

औषधानंतरच्या सहाव्या दिवशी शाहीन दारात उभी. सातवा लागलेला, एकटी, एसटीनं. चिमुरात कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुझ्या आईला नागपूरच्या कॅन्सरच्या दवाखान्यात पाहिलं. ती सरळ मागे आली. मी आतून कडी लावली.

"अम्मी, मले वाटलं तू मरून राह्यली," ती दाराबाहेरून म्हणाली. "तोंड तं दाखव."

मी खिडकीच्या गजाआडून तोंड दाखवलं. म्हटलं, घशाला संसर्ग आहे, तुला लागेल, पुढच्या खोलीत राहा, अंगणाच्या अलीकडे येऊ नको. तेव्हासुद्धा खरं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी रहीम तिला परत सोडणार होता. ती म्हणाली, दोन दिवस राहते. मग आणखी दोन दिवस. मी हट्ट धरून पाठवायला हवं होतं. पण खरं सांगू? तिच्या चपलेचा आवाज, तिचं खोकणं, अब्बाशी भांडणं कानावर पडायचं आणि मला माणसात आल्यासारखं वाटायचं. अंतर पाळून आहे ना, असं मी मनाला समजावत होते. त्याला हावरेपणाच म्हणतात.

तिला येऊन चौथा दिवस होता. दुपारी मी झोपले होते. रोजच्यापेक्षा लवकर जाग आली. खिडकीतून पाहिलं तर शाहीन पेरूच्या झाडाखाली बाजेवर बसलेली, दोरीवरचं दुपटं मांडीवर, पोटावर अर्धं आलेलं. मी कडेला टोचून ठेवलेली सुई तिच्या हातात. सुईत माझाच उरलेला दोरा होता. तो निसटला. तिनं माझं ओलं केलेलं टोक ओठांत धरलं, चोखून टोकदार केलं, ओवलं. चार टाके घातले. मग कोपऱ्यावर, जिथं मी गाठ मारून दात लावले होते तिथंच, दात लावून दोरा तोडला.

हे तिला मीच शिकवलं होतं. सात वर्षांची असताना, मांडीवर बसवून.

उशाशी पाण्याची वाटी होती. ती उचलून मी गजांवर आपटली. तिनं वर पाहिलं आणि हसली. दुपटं माझ्याकडे उंच धरून म्हणाली, "पाह्य अम्मी, दोन दिवसांपासून करून राह्यली. तुझा टाका कोणता, माझा कोणता, वळखू येते का?"

मग मी गजाआडून सगळं सांगितलं. कॅन्सर, औषध, लाळ, आठ दिवस, अर्धं. तिनं दुपटं बाजेवर ठेवलं. नळावर गेली, चूळ भरली, पुन्हा भरली, पुन्हा. किती वेळ भरत होती. परत आली तेव्हा आठ पावलांवर थांबली, कुणी न सांगता.

"दोन डाव गेलं, तवा तू म्हणे नशीब," ती म्हणाली. "आता काय म्हणशील?"

मोजणी

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं रहीम तिला नागपूरला घेऊन गेला. दुपटं आणि सुई प्लास्टिकच्या पिशवीत. मला जाता येत नव्हतं. तिच्या शेजारी बसणं हाच तर धोका होता.

तो दिवस मी कसा काढला ते सांगते, कारण असा दिवस कुणाच्या वाट्याला आला तर त्याला कळावं की तो एकटाच वेडा झालेला नाही. मी फडक्यानं जीभ घासली, रक्त येईपर्यंत. दुआसाठी हात उचलले, पण काय मागायचं ते सुचेना. माझा आजार परत दे म्हटलं, दुप्पट दे, त्याच्या बदल्यात हे नसू दे. मग भीती वाटली की खरंच दिला तर. मग त्या भीतीची लाज वाटली. आपण बरं व्हावं म्हणून घेतलेलं औषध आपल्या लेकीच्या तोंडात गेलं, आणि तरी आपल्याला जगायचंच आहे, हे स्वतःबद्दल कळणं फार वाईट आहे.

दिवस मावळायच्या आत रहीमचा फोन आला. त्यानं फोन सरळ मीटरवाल्या सरांकडे दिला. सर म्हणाले, दुपट्यावर मीटर बोलतंय, कोपऱ्यांवर जास्त. पिशवी बंद करून चिठ्ठी लावून दिली आहे, ऐंशी दिवस पेटीत ठेवा. मुलीच्या गळ्यावर थोडं आहे. खूप थोडं. तेही अर्धं-अर्धं होत जाईल.

मी विचारलं, आणि बाळाच्या?

"पोटातलं बाळ मला मोजता येत नाही," ते म्हणाले. "इतक्या थोड्यानं काही होऊ नये असं सगळ्यांचं मत आहे. पण शून्य आहे असं मी म्हणणार नाही. जन्मल्यावर टाचेचं रक्त काढून बाळाचं थायरॉइड तपासून घ्या."

सर खोटं बोलले असते तर त्यांचं काय गेलं असतं, असं मला वाटलं. मग आठवलं की खोटं बोलूनच मी इथवर आले.

आठाच्या रेघा

शाहीन नागपूरहून परस्पर चिमूरला गेली. मला फोन नाही. रहीमला करायची, पाच मिनिटं, आणि ठेवून द्यायची. बाळ हलतं का एवढं मी त्याला खुणेनं विचारायची. तो मान हलवायचा.

पिशवी पत्र्याच्या पेटीत होती. दर आठ दिवसांनी मी पेटीच्या झाकणावर कापडावरच्या खडूनं एक रेघ मारायची. तिसऱ्या रेघेपर्यंत माझे तीन आठवडे संपले. रहीम म्हणाला, आता बाहेर ये, पुढच्या खोलीत झोप. मला जमेना. कागदावरची मुदत संपली होती, पण आपल्या अंगाला हात लावू नये असं मलाच वाटत होतं. गिऱ्हाईक बाया आल्या तर मी टेप त्यांच्याच हाती द्यायची आणि लांबून आकडे लिहायची. कुणी हसल्या, कुणी सोडून गेल्या.

चौथ्या रेघेच्या सुमारास तोंड कोरडं पडायला लागलं. आधी वाटलं ऊन आहे. मग भाकरी पाण्याशिवाय उतरेना. डॉक्टर म्हणाले, या औषधानं कधीकधी लाळेच्या ग्रंथी सुकतात, लाळ परत येईल, कदाचित नाही येणार. मला ते बरोबर वाटलं.

एकदा जानोबाईचा फोन आला, कुणाच्या तरी मोबाइलवरून. कुर्माघरात पूर्ण मुदत काढली म्हणे. नात रोज दाराशी यायची, हिनं आतून गाणी म्हटली. मला विचारलं, तुझं कसं चाललंय. मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, दार मी लावलं, कारण मले घरच्या सगळ्याइले खरं सांगता आलं होतं." तिनं टोचून म्हटलं नव्हतं. तरी लागलं.

नेढं

नवव्या रेघेनंतर आठवडाभरात शाहीनला चंद्रपूरला हलवलं. मुलगी झाली. रहीम आत गेला, मी दवाखान्याच्या बाहेर झाडाखाली उभी राहिले, नेहमीच्या अंतरावर. तो बाहेर येऊन म्हणाला, मोठ्यानं रडते, तुझ्यावर गेली. टाचेचं रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट यायला काही दिवस होते. तेवढे दिवस मी जेवले काय नि नाही काय.

दहावी रेघ पडली. रहीमनं पिशवी नागपूरला नेऊन मोजून आणली. सरांनी सांगितलं, आता खोलीत कुठंही मीटर धरलं तर जेवढं बोलतं, तेवढंच या कापडावर बोलतं. पिशवी त्यांनीच उघडून दिली. त्या संध्याकाळी शाहीनचा निरोप आला. मला नाही, रहीमलाच. अम्मीले म्हणा, दुपटं घेऊन ये.

चंद्रपूरच्या दवाखान्यात ती पलंगावर बसली होती. बाळ शेजारी, दुसऱ्याच कुणाच्या दुपट्यात. मी दारात थांबले. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, पहिला रिपोर्ट चांगला आला, दीड महिन्यानं पुन्हा तपासतील, मग पुन्हा. तिचा आवाज कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलावा तसा होता. माझीही तपासणी पुढच्या महिन्यात आहे. गळ्यात काही उरलंय का, ते तेव्हा कळेल. म्हणजे हे लिहिते आहे तेव्हा कुणाचंच काही संपलेलं नाही. बरं झालं अशी खात्री मी वाचणाऱ्याला देऊ शकत नाही. एवढंच सांगू शकते की घरात सांगा. सगळ्यांना, सगळं, आधी.

तिनं हात पुढे केला. मी दुपटं दिलं. तिनं ते उलगडलं, कडेवरून बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबली. एक बाजू तशीच उघडी होती. सुई तिथंच टोचलेली.

"ही बाजू राह्यली," ती म्हणाली. "बस इथी."

मी पलंगाच्या कडेला बसले. तिच्यापासून हातभर. इतक्या जवळ मी तिच्या कधी बसले होते ते मला आठवेना. सोबत आणलेल्या रिळावरचा दोरा घेतला, सुई उजेडात धरली. दोरा नेढ्याशी जाऊन फिसकटला. पुन्हा केला, पुन्हा फिसकटला. सवयीनं हात तोंडाकडे गेला आणि मध्येच थांबला. तोंडात ओल नव्हतीच. असती तरी मी घातला नसता. मला वाटत होतं की आता उठून बाहेर झाडाखाली जाऊन उभं राहावं.

शाहीन पाहत होती. तिनं माझ्या बोटांतून दोरा काढून घेतला, आपल्या ओठांत धरला, ओला केला, टोक चिमटीनं वळलं आणि माझ्या हातात परत दिला.

पहिल्याच वेळी नेढ्यातून गेला.